मोहनकाका, तुम्ही मला रानात नेलंत तेव्हा

मोहनकाका,

हे मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही, म्हणून आधीच माफ करा. तुमच्याबद्दल लिहायचा हक्क ज्यांचा आहे अशी माणसं पुष्कळ आहेत. इथे आयर्लंडमध्ये लेटरकेनीच्या हॉस्पिटलात तुमच्या हाताखाली तयार झालेले डॉक्टर आहेत, नागपूरचे तुमचे वर्गमित्र आहेत, शैलाकाकू आहेत. मी तुमच्या घरी वर्षभरही न राहिलेला एक विद्यार्थी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. शाळेत निबंध लिहिले ते गाइडमधून पाठ करून. त्यामुळे असं काही लिहायचं म्हटलं की हात थांबतो.

पण रेवाने सांगितलं. तुमच्या लेकीला मराठी समजतं, लिहिता येत नाही. ती तिच्या डोनेगलच्या इंग्रजीत म्हणाली, बाबाबद्दल मराठीत काहीतरी असायला पाहिजे आणि ते तूच लिही, कारण त्याच्याशी भांडायचास ते तू एकटाच. आम्ही सगळे हो म्हणायचो.

म्हणून भांडणाबद्दलच लिहितो. ते अर्धं राहिलंय.

तुम्ही ती गाडी विकत घेतलीत तेव्हा काकूंनी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणे. जुना पिकअप ट्रक, आणि त्याच्या पाठीवर चढवलेली एक खोली. खोलीला मागून दार, दाराला लोखंडी पायरी, आत दोन शेगड्या, एक बाक, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येईल असा बिछाना. काकू तिला ‘डबा’ म्हणायच्या. मार्च २०२० मध्ये कॉलेजने होस्टेल रिकामं करायला लावलं आणि मी भांडी घासायचो ते रेस्टॉरंटही बंद पडलं, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने मी तुमच्या दारात बॅग घेऊन उभा राहिलो. डॉक्टरसाहेब कुठे आहेत असं विचारलं, तर काकूंनी अंगणाकडे बोट दाखवलं. “गेले डब्यात.”

कोविडच्या वॉर्डातून येऊन तुम्ही घरात पाऊल टाकत नव्हता. अंगणात उभ्या असलेल्या त्या डब्यात राहत होता. काकू पायरीवर ताट ठेवून मागे सरकायच्या, मग तुम्ही दार उघडायचात. तुमची अभ्यासाची खोली मला दिली होती. डब्याच्या खिडकीतून तुम्ही मला पहिल्यांदा बघितलंत आणि विचारलंत, कुठला रे? मी मूर्तिजापूर म्हटलं. बाबा काय करतात? पंक्चरचं दुकान, म्हटलं. तुम्ही म्हणालात, माझ्या खोलीत झोपतोस, माझ्या खुर्चीत बसतोस, आता नापास झालास तर माझी बदनामी. मला ते खरंच वाटलं होतं. मी त्या रात्रीपासून तुमच्या खुर्चीत ताठ बसू लागलो.

उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले आणि डबा अंगणातून निघाला. काकूंना गाडी लागायची, रेवाला मित्रमैत्रिणी होत्या, म्हणून सोबतीला मी. डोनेगल जिल्ह्याच्या ईशान्येला, समुद्राकडे घुसलेल्या त्या टोकावर, स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची लागवडीची जंगलं आहेत. झाडं इतकी दाट की दिवसाही आत अंधार. लाकूड वाहणाऱ्या गाड्यांसाठी केलेला खडीचा रस्ता आत जातो आणि मध्येच संपतो. जंगलाच्या कडेला ह्यूईची जागा होती, मेंढ्या राखणारा सत्तरीचा माणूस. त्याने आपल्या कुरणाच्या टोकाला डबा लावायची परवानगी दिली होती. त्याबद्दल तो कुंपणापलीकडून पॅंट वर करून तुम्हाला गुडघा दाखवायचा आणि तुम्ही अलीकडून त्याला गोळ्या सांगायचात. निघण्याआधी चारही कोपऱ्यांचे चाप घट्ट करायचं काम माझं, कारण ती खोली ट्रकला बांधलेली असते ती फक्त त्यांनीच. उतारावर ती अख्खी डुलायची आणि तुम्ही गात असायचात, मी दाराचा दांडा धरून बसलेला असायचो.

सप्टेंबरमधल्या त्या शुक्रवारी तुम्ही गात नव्हता.

सोमवारी माझी तोंडी परीक्षा होती. वर्षाचं प्रोजेक्ट, त्यावर प्रश्न. त्यात गेलो असतो तर वर्ष गेलं असतं आणि व्हिसाचंही काही खरं नव्हतं. तुम्ही ड्यूटीवरून आलात आणि म्हणालात, चल, दोन दिवस रानात, तिथे रेंज नाही, मोबाईल नाही, डोकं शांत राहील. माझा फोन काकूंकडे ठेवायला लावलात. मी मनात म्हटलं, हा माणूस स्वतः इतका दमलेला असून माझ्यासाठी एवढं करतोय. आईला सांगतो म्हटलं तर काकूंनी, मी कळवते की, असं म्हणून फोन प्रेसमध्ये ठेवून दिला. तुमच्या घरात कपाटाला सगळे प्रेसच म्हणायचे.

रानात पोचल्यापासून तुम्ही वेगळे होता. ह्यूईच्या कुरणामागे जो उघडा डोंगर आहे त्याच्या माथ्यावर रेंज यायची, तीही खाडीपलीकडच्या, उत्तर आयर्लंडातल्या टॉवरची. फोन आपण ब्रिटनमध्ये आल्याचं सांगायचा. तुम्ही दर थोड्या वेळाने तो डोंगर चढून जात होता. विचारलं तर, हॉस्पिटलचं काम. शनिवारी संध्याकाळी खाली आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्याकडे बघून मी पाण्याचा पेला पुढे केला. तुम्ही तो घेतला नाहीत. मला म्हणालात, प्रश्न विचारतो, उत्तरं दे. मी उत्तरं देत होतो आणि तुमचं लक्ष नव्हतं. शेगडीवर खिचडी करपली तरी तुम्हाला वास आला नाही. मला वाटलं, वॉर्डात कुणीतरी गेलं असेल.

रात्रभर वारा होता. सकाळी बघितलं तर खडीच्या रस्त्यावर एक स्प्रूस आडवा पडलेला, मुळांसकट. गाडी निघणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, ह्यूई येईल दुपारपर्यंत, तोवर वाचत बसतो. तुम्ही माझ्यावर ओरडलात. त्याआधी कधी ओरडला नव्हता. मग लाकडं फोडायची ती लहान कुऱ्हाड घेऊन त्या एवढ्या बुंध्यावर घाव घालायला लागलात. थोड्या वेळाने ती टाकलीत आणि डोंगराकडे निघालात. ओल्या गवतावर पाय सरकला. तुम्हाला उचलून पायरीपर्यंत आणलं तोवर घोटा सुजून बुटात मावेना.

तुम्ही पायरीवर बसून राहिलात. आता तुम्ही वर जाऊ शकत नव्हता, आणि कुणीतरी जायला तर हवंच होतं. किती वेळ तुम्ही माझ्याकडे नुसते बघत होता. मग खिशातून स्वतःचा फोन काढलात, कुलूप उघडायचा आकडा सांगितलात आणि म्हणालात, वर जा, काकूला फोन कर, अडकलोय म्हणून सांग, ती ह्यूईला कळवेल. आणि म्हणालात, बाकी काही बघू नकोस.

मी बाकी काही बघितलं नाही, काका. माथ्यावर पोचलो आणि फोन आपणहून वाजायला लागला. एकामागून एक संदेश. नाव वैशूचं. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव तुमच्या फोनवर कशाला, हे मला पहिल्यांदा कळेचना. ‘काका, बाबांना अकोल्याला हलवा म्हणतात.’ ‘काका, मामा म्हणतात हलवू नका, रस्त्यात काही झालं तर.’ ‘काका, बेड जास्त वेळ ठेवणार नाहीत.’ ‘काका, कुठे आहात?’

मी तिला फोन लावला. ती लगेच बोलायला लागली, की काका, किती वेळची लावतेय, ऑक्सिजन लावूनही आकडा वर येत नाही, सगळे माझ्याकडेच बघताहेत, तुम्ही सांगाल ते करते.

मी म्हणालो, “वैशू, मी आहे.”

मागे वॉर्डातला गलका ऐकू येत होता.

मग म्हणाली, “दादा, तुहा पेपर उद्या हाय ना?”

मी खाली पळत आलो. येताना दोनदा पडलो. तुमच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला तुम्हाला काय काय म्हणायचं होतं, पण वैशू तिकडे थांबली होती. म्हणून मी फक्त विचारलं, हलवायचं का? तुम्ही इतकंच म्हणालात, की ते एका श्वासात एक वाक्य बोलू शकतात का, विचार. मी म्हटलं, तुम्हाला आधी कळलं होतं. तुम्ही म्हणालात, “नंतर शिव्या दे. आधी हे विचार.”

मी परत वर गेलो. वैशूने फोन बाबांच्या कानाशी नेला. बाबांना मीच आहे हे कळलं. त्यांनी “जेवला” म्हटलं, आणि थांबले. मी फोन कानावर दाबून उभा होतो, खाली सगळं काळं जंगल, समोर खाडी. मग “का” आला. दोन शब्दांचं वाक्य.

खाली येऊन तुम्हाला ते तसंच सांगितलं. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, हलवा. आत्ताच. ऑक्सिजन असलेल्या गाडीतूनच, बसवून न्या, आडवं पाडू नका. मी तिसऱ्यांदा वर गेलो आणि तुमचे शब्द जसेच्या तसे बोललो. मामांनाही तेच सांगितलं. ते ऐकेनात, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मामांवर आवाज चढवला. रुग्णवाहिका निघाली असं वैशू म्हणाली तेव्हा मी तिथेच गवतात बसलो. काकूंना फोन करायचा राहिलाच होता, तो नंतर केला.

त्या डोंगराच्या फेऱ्यांत माझं तुमच्याशी भांडण तुकड्यातुकड्याने झालं. प्रत्येक वेळी खाली आलो की एक वाक्य. तुम्ही म्हणालात, तुझ्या आईनेच हात जोडले होते, ‘पेपर होऊ द्या डॉक्टरसाहेब, मंग सांगजा त्याले.’ मी म्हटलं, आई शिकलेली नाही, तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही म्हणालात, घरी राहिला असतास तर गावातल्या कुणाचा तरी मेसेज आलाच असता. मी म्हटलं, मला कळू नये म्हणून तुम्ही स्वतःलाही रेंजबाहेर नेलंत, वैशूने सकाळभर कुणाला विचारायचं? तुम्ही म्हणालात, “कळून तू इथून काय करणार होतास?”

“काळजी केली असती,” मी म्हणालो. “माझ्या बापाची काळजी मला करायची होती.”

दुपारी ह्यूई ट्रॅक्टर आणि करवत घेऊन आला. झाडाकडे बघितलं, तुमच्या घोट्याकडे बघितलं, मग मला म्हणाला की तुझ्या डॉक्टरलाच डॉक्टर लागतोय की. कुणी हसलं नाही तेव्हा तो टोपी काढून गप्प काम करायला लागला. रस्ता मोकळा झाला, पण क्लच दाबायला तुमचा पाय चालेना. डबा त्याच्याच आवारात ठेवला आणि काकू गाडी घेऊन आल्या.

परतीच्या वाटेवर मी मागे, तुम्ही पुढे, काकू चालवत होत्या. मग तुम्ही समोर बघतच सांगायला लागलात. तुमची एम.डी.ची परीक्षा होती. शेवटचा पेपर देऊन हॉलबाहेर आलात तर तुमचे मामा दारात उभे. तुम्हाला वाटलं कौतुक करायला आले. ते म्हणाले, चल, दादा गेले. म्हणजे तुमचे वडील. तुम्ही विचारलंत, कधी? ते म्हणाले, तुझा पहिला पेपर होता तेव्हा. सगळं आटोपलं होतं. अग्नी चुलतभावाने दिला होता.

मी विचारलं, मग?

“मग काय. पास झालो,” तुम्ही म्हणालात. “चांगल्या मार्कांनी.”

काकूंनी गिअर बदलला. “आणि अजून झोपेत पेपर लिहितात,” त्या म्हणाल्या. “घामाघूम होऊन उठतात. तेही सांगा की त्याला.”

तुम्ही काच खाली केलीत.

सोमवारी मी परीक्षा दिली. काय बोललो ते आठवत नाही. पास झालो. बाबा अकोल्याहून घरी यायला बरेच दिवस लागले, आजही जिना चढताना मध्ये थांबतात, पण चढतात. दुकानही उघडतात. तुम्ही ‘हलवा’ म्हणालात म्हणून. मला हे दोन्ही एकदम मनात ठेवता येत नाही, काका. तुमच्यामुळे बाबा आहेत, आणि तुम्ही मला फसवून रानात नेलंत. एक आठवलं की दुसऱ्याचा राग येतो.

नंतर तो विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, निकाल बघ ना, बाप घरी, पोरगा पास. मी म्हणायचो, निकालावरून ठरतं का ते? एकदा बाबांनीच मला फोनवर सांगितलं, की मीच म्हटलं होतं, मंग्याले नोको सांगू. मी ते तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्हाला कोण आनंद झाला. “मग जा, त्यांच्याशी भांड,” असं म्हणालात. मी म्हटलं, त्यांच्याशी कसं भांडणार, त्यांना धाप लागते. तुम्ही हसायला लागलात आणि मध्येच थांबलात. मग मी विचारलं, बाबा गेले असते तर? अकोल्याच्या रस्त्यावर, आणि मी इथे तुमची खिचडी खात असतो तर? तुम्ही उठून बाहेर अंगणात गेलात. डबा नसलेल्या त्या जागी उभे राहिलात. ते उत्तर राहिलं.

जानेवारीत मी दूर दक्षिणेकडे एनिसला गेलो, कोर्समधल्या कामाच्या अनुभवासाठी; शेवटी त्यावर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. पुन्हा सगळं बंद झालं, जिल्ह्याबाहेर जायची सोय नाही. दर रविवारी फोन. फेब्रुवारीत तुमचा आवाज बारीक झाला. विचारलं तर, ग्रँड, म्हणजे उत्तम. इथे माणूस जिन्यावरून पडला तरी ग्रँडच म्हणतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. रेवाला विचारलं तर ती म्हणाली, त्यालाच विचार. नागपूरच्या आजींना, म्हणजे तुमच्या आईंना, पोटाचं लहानसं ऑपरेशन एवढंच सांगितलं होतं. मला त्याहून थोडं जास्त. म्हणजे गाठ आहे, औषध चालू आहे. किती आहे, कुठवर गेली आहे, ते नाही. मी येतो म्हटलं, आजारी माणसाला भेटायला सोडतात. तुम्ही म्हणालात, प्रेझेंटेशन झालं की ये.

एवढं ऐकलं आणि माझा आवाज चढला. पुन्हा तेच, काका, असं म्हणालो. तुम्ही हसलात, खोकलात, आणि म्हणालात, बरं, तू सांग काय करायचं.

“मला सांगायचं,” मी म्हणालो. “जे असेल ते, जेव्हा असेल तेव्हा. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन.”

तुम्ही म्हणालात, “बघू.”

आपल्या घरांमध्ये मोठी माणसं ‘बघू’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ नाही असाच असतो. मग तुम्ही एनिसला पाऊस आहे का विचारलंत. मी आहे म्हटलं. प्रेझेंटेशनची वेळ विचारलीत, तीही सांगितली. नीट झोप, म्हणालात. मी रागात होतो, म्हणून फोन जरा लवकर ठेवला.

ते आपलं शेवटचं बोलणं. पुढचे दिवस मी फोनकडे बघत काढले. काकूंना लावला की त्या म्हणायच्या, झोपलेत. मला वाटायचं, चाललंय, परत तसंच चाललंय. एखाद्या दिवशी मी प्रेझेंटेशन संपवून बाहेर येईन आणि कुणीतरी मला सांगेल की आटोपलं सगळं.

एप्रिलमधली ती सकाळ. स्क्रीनवर कॉलेजचे दोन प्राध्यापक आणि कंपनीची मॅनेजर. मी नुकती सुरुवात केली होती. टेबलावर फोन उजळला, शैलाकाकू. काकू कुणाच्या कामाच्या वेळेत फोन करत नाहीत. त्यांना माझी वेळ माहीत होती. मी समोरच्यांना थांबायला सांगितलं, माझा आवाज बंद केला आणि फोन उचलला.

काकूंचा आवाज अगदी सरळ होता.

“मंगेश, तुझं ते चालू आहे ना, माहितीये मला. पण यांनी बजावून ठेवलं होतं, मंगेशला लगेच सांगायचं, काहीही चालू असलं तरी. आत्ताच गेले रे. त्यांचा हात अजून माझ्या हातात आहे. पहिला फोन तुलाच केलाय. आता नागपूरला आईंना लावते.”